आकाश पांढरं नाहीतर जमीन काळी : पहाटेच्या फोटोंबद्दल तुमचे प्रश्न

थंडी पडली की पहाटेच्या फोटोंचे प्रश्न यायला लागतात, आणि यावेळी तर बहुतेक सगळे त्याचेच आहेत. सारखे वाटले ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, गेल्या रविवारी आम्ही तिघं मित्र पहाटे राजहंसगडावर गेलो होतो. मॅन्युअलवर (सगळं हातानं) आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४००, एफ/५.६ (लेन्सचं छिद्र), शटर १/१५ सेकंद लावलं, ट्रायपॉड होता. सूर्य यायच्या आधीचे फोटो जरा काळपट पण रंग मस्त आले, नंतरचे सगळे पांढरेफटक. मग शटर फास्ट केलं तर आकाश बरं आलं पण बुरूज आणि खालची शिवारं काळी ठिक्कर. कॅमेऱ्यातच प्रॉब्लेम आहे काय? सांगा की. (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

कॅमेरा एकदम ठीक आहे, त्याला घेऊन दुकानात जाऊ नका. तुमचे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि दोन्ही एकाच सकाळी झाले म्हणून गोंधळ वाटतोय.

पहिला म्हणजे सेटिंग एकदा लावलं ते तसंच राहिलं. झुंजुमुंजू व्हायला लागल्यापासून सूर्य दिसेपर्यंत आपल्याकडे साधारण वीस-बावीस मिनिटं असतात आणि एवढ्या वेळात उजेड शंभरपटीच्या आसपास वाढतो, म्हणजे जवळजवळ दर तीन मिनिटाला एक स्टॉप, म्हणजे दुप्पट. आपल्या डोळ्याला ते कळतच नाही कारण डोळा सावकाश जुळवून घेतो, पण मॅन्युअलवरचा कॅमेरा जिथल्या तिथे उभा असतो. तुम्ही थर्मासमधला चहा ओतून पिऊन परत आलात की सेटिंग शिळं झालेलं असतं! म्हणून मॅन्युअलवर असाल तर प्रत्येक फोटोनंतर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) बघायचा, नाहीतर सरळ अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (त्यात शटर कॅमेराच ठरवतो) टाका आणि कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या हिशोबापेक्षा उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे एकच्या आसपास ठेवून फोटो बघत पुढेमागे करा, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरा प्रॉब्लेम खरा आहे, तो सगळ्यांना येतो. आकाश आणि जमीन यांच्या उजेडात फरकच तेवढा असतो. पुढच्या वेळी हे करून बघा, एफ/८ वर स्पॉट मीटरनं (कॅमेऱ्यातली फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजायची सोय) सूर्याच्या जरा बाजूचं आकाश मोजा आणि मग बुरुजाचा सावलीतला दगड मोजा. समजा आकाशाला १/२५० दाखवलं आणि दगडाला १/१५, तर चार स्टॉपचा फरक झाला, आणि सूर्य वर आला की आणखी वाढतो. जेपेग (कॅमेऱ्यानं तयार करून दिलेली फाइल) एवढा फरक पेलत नाही, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) बऱ्यापैकी पेलतो, म्हणून पहाटेला रॉ सोडून दुसरं काही नाही असं माझं ठाम मत आहे.

मग धरायचं काय? आकाश धरायचं. जळलेल्या आकाशात नंतर काहीच सापडत नाही, ते कोरं असतं, पण काळ्या दिसणाऱ्या जमिनीत माहिती असते, आयएसओ १०० वर काढलेल्या रॉमधून ती दोन-तीन स्टॉप आरामात वर उचलता येते (तुमच्या ४०० ची ट्रायपॉडवर काही गरजच नव्हती). फक्त सूर्याची चकती स्वतः जळणारच, तिच्या मागे लागू नका.

आणि एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. पहाटेच्या आकाशात लाल रंग सगळ्यात आधी जळतो. ब्राइटनेसचा साधा हिस्टोग्राम बघितला तर सगळं आलबेल, आणि घरी येऊन बघावं तर सूर्याभोवतीचा केशरी भाग सपाट पिवळा डाग झालेला. कॅमेऱ्याच्या मेनूत आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा) असतो तो चालू करा आणि त्यातली लाल रेघ उजव्या भिंतीला आपटली की शटर एक-दोन क्लिक फास्ट करा. सोबत ब्लिंकिंग हायलाइट्सही (जळलेला भाग पडद्यावर लुकलुकतो) चालू ठेवा.

गडावर जाणारच आहात तर अजून एक सांगते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आपल्याकडे बरोबर पूर्वेला उगवत नाही, दक्षिणेकडे साधारण २४ अंश सरकलेला असतो, आणि मे-जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. म्हणजे आत्ता जी जागा हेरलीत ती मेमध्ये उपयोगाची नाही. वेळही बदलते, जानेवारीत सात वाजून जातात, मेच्या शेवटी सहालाच सूर्य हजर. आणि सूर्य फ्रेममध्ये आल्यावर ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका, लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या पडद्यावर) बघा, विशेषतः मोठी झूम लावली असेल तर. डोळ्याचं काम आहे.

प्रश्न : दुकानदार म्हणाला यूव्ही (अतिनील किरण अडवणारा) आणि सीपीएल (चकाकी कापणारा पोलरायझर) दोन्ही फिल्टर घ्या, सूर्योदयाला लागतातच. एक मित्र म्हणतो ग्रॅज्युएटेड एनडी घे. माझ्याकडे १८-५५ किट लेन्स आहे आणि पैसे एकाच फिल्टरचे आहेत. कुठला घेऊ? (एक विद्यार्थिनी, चिकोडी)

बाई गं, यूव्ही तर घेऊच नकोस. समोर सूर्य असताना काचेचा तो एक जादा थर म्हणजे फ्लेअरला आमंत्रण, फोटोत हिरवे-जांभळे ठिपके येतात. आधीपासून लावलेला असेल त्यांनी पहाटेला काढून खिशात ठेवावा. सीपीएल चांगली वस्तू आहे पण सूर्याकडे तोंड करून तिचा आकाशावर काहीच परिणाम होत नाही, तिचा जोर सूर्यापासून ९० अंशात असतो. म्हणजे सूर्य समोर असताना ती नुसतीच दीड-दोन स्टॉप उजेड खाणार. पावसाळ्यात खानापूरकडे ओल्या खडकांवरची, पानांवरची चकाकी काढायला मात्र ती हवीच, तेव्हा घे.

तुझ्या मित्राचं बरोबर आहे, आणि ते तू चिकोडीत आहेस म्हणून जास्त बरोबर आहे. ग्रॅज्युएटेड फिल्टर वरून काळपट, खालून स्वच्छ असतो, आकाश दाबतो आणि जमीन सोडतो. पण मधली रेघ सरळ असते, म्हणून क्षितिजही सरळ लागतं. चिकोडी-रायबागच्या बाजूला उसाच्या फडांवर क्षितिज जवळजवळ पट्टीनं आखल्यासारखं मिळतं, तिथे हा फिल्टर शोभतो. हाच घेऊन जांबोटीला गेलीस तर डोंगराचे माथे अर्धे काळे होतील, झाडाचा शेंडा काळा आणि बुंधा उजळ, बघितल्याबरोबर खोटं कळतं. मी स्वतः एका बुरुजाचा असा वरून काळा, खालून पिवळा फोटो काढून ठेवलाय, तेव्हा फार अभिमान होता त्याचा.

घेताना ०.६ सॉफ्ट (काळपट ते स्वच्छ हळूहळू बदलणारा) घे. ०.३ म्हणजे एक स्टॉप, ०.६ म्हणजे दोन, ०.९ म्हणजे तीन. चार स्टॉपचा फरक आहे म्हणून चारचा फिल्टर घ्यायचा नसतो, आकाश जमिनीपेक्षा थोडं उजळ राहायलाच हवं, नाहीतर ती पहाट वाटत नाही. गोल, लेन्सवर फिरवून बसवायचा चुडीचा घेऊ नकोस, त्याची रेघ फ्रेमच्या मधोमध अडकून बसते. चौकोनी घे म्हणजे वरखाली सरकवता येतो. होल्डरला पैसे उरले नाहीत तर हातानं लेन्सला टेकवून धर, मी कित्येक महिने तसंच केलंय. काही जुन्या किट लेन्समध्ये फोकस करताना पुढची काच गोल फिरते आणि होल्डरही सोबत फिरतो, तुझी तशी असेल तर आधी फोकस, मग तो मॅन्युअलवर लॉक, मग फिल्टर. आणि फार स्वस्तातला घेऊ नकोस, माझ्या पहिल्या फिल्टरनं सगळ्या पहाटा जांभळट केल्या आणि तो रंग शेवटपर्यंत नीट निघाला नाही.

तू विचारलं नाहीस पण विचारशील म्हणून, ब्रॅकेटिंग करून (एकच दृश्य कमी-जास्त उजेडात काढून) तीन फोटो (उणे दोन, शून्य, अधिक दोन) जोडले तर फिल्टर कशाला? डोंगरात मी तेच करते. पण उसाला तुरे आलेले असतात तेव्हा पहाटेच्या वाऱ्यावर ते सारखे हलत असतात, तीन फोटोंत तीन जागी, आणि जोडल्यावर प्रत्येक तुऱ्याला भुतासारखी सावली येते. त्या रुपेरी तुऱ्यांमागून ऊन आलेलं बघितलंस ना, ते एकाच फोटोत पकडायचं असेल तर फिल्टरच.

प्रश्न : हिडकल धरणाच्या पाण्यावर दहा स्टॉपचा एनडी (सगळा सारखा गडद फिल्टर) लावून दोन मिनिटांचं एक्सपोजर दिलं, तरी फोटो जळाला. हिशोब तर बरोबर केला होता. (एक वाचक, हुक्केरी)

हिशोब बरोबर पण तो सुरुवातीच्या उजेडाचा. फिल्टरशिवाय १/८ असेल तर दहा स्टॉपला १२८ सेकंद, हे खरं, पण त्या दोन मिनिटांत उजेड वाढतच असतो. सूर्य यायच्या आधी असाल तर शंभर सेकंदांच्या आसपास थांबा. फोकसही फिल्टर लावायच्या आधीच करा, नंतर कॅमेऱ्याला काही दिसत नाही, आणि व्ह्यूफाइंडर मागून झाका, तिथूनही उजेड शिरतो.

खरं सांगू का, एवढा गडद फिल्टर लागतोच असं नाही. सहा स्टॉपचा असेल तर त्याच १/८ चे आठ सेकंद होतात आणि बारीक लाटा तेवढ्यानं विरघळतात. आणि अजून वीस मिनिटं आधी पोचलात तर आयएसओ १००, एफ/११ ला शटर तसाही कितीतरी सेकंदांचा मिळतो, फिल्टर पिशवीतच राहू दे. पाण्यातलं प्रतिबिंब आकाशापेक्षा जरा गडद असतं, ग्रॅज्युएटेड फिल्टर लावून ते उलटं झालं तर बघणाऱ्याला खटकतं, सांगता येत नाही पण खटकतं. धरणाच्या भिंतीवर मात्र विचारल्याशिवाय चढू नका.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. रंग फिके येतात, डोळ्याला दिसतात तसे नाही. (एक वाचक, निपाणी)

ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांचा आपोआप होणारा समतोल) केशरी रंगाला चूक समजून पुसतो. प्रो मोड असेल तर तो डेलाइट किंवा ५५०० केल्विनवर ठेवा. नसेल तर सूर्याच्या बाजूच्या आकाशावर बोट दाबून धरा, लॉक होईल, मग बोट खाली ओढून उजेड कमी करा. आणि थंडीत लेन्सवर दव बसतं, ते पदराच्या नाहीतर बनियनच्या मऊ टोकानं अलगद पुसा, तुम्ही पाठवलेल्या दोन फोटोंतलं अर्धं फिकेपण तेच आहे.