पैठणीच्या मागावरून कॅनडाकडे पाहताना

आपण पैठणला स्वतःच्या मागावर पैठणी विणता आणि त्या बळावर कॅनडात स्थायिक होऊ इच्छिता, म्हणून आधीच सांगतो की तेथील स्वयंरोजगार योजना वाटेल त्या धंद्यासाठी नव्हती. ती सांस्कृतिक क्षेत्र आणि क्रीडा यांपुरतीच होती, शेती व्यवस्थापनाचा मार्ग 2018 मध्ये बंद झाला आणि 30 एप्रिल 2024 पासून नवे अर्ज घेणेही थांबवण्यात आले. तेव्हा ‘आजच फाइल लावतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवावे. विणकाम कारागिरीत मोडते आणि कारागिरी सांस्कृतिक क्षेत्रात, ही आपली जमेची बाजू. निवडीच्या मूल्यांकनात 100 पैकी 35 गुण पुरत, हे ऐकून अनेक जण निर्धास्त होत. परंतु खरी कसोटी पुराव्याची होती. अर्जापूर्वीच्या 5 वर्षांत किमान 2 वर्षांचा स्वयंरोजगाराचा अनुभव कागदावर दाखवावा लागे आणि आपल्याकडे तर साडी रोखीने विकली जाते, हिशेब वहीच्या कोपऱ्यात राहतो (माझ्या वहीला तर वाळवी लागली होती). म्हणून योजना पुन्हा सुरू होण्याची वाट न पाहता प्रत्येक विक्रीचे बिल करावे, रक्कम बँकेत घ्यावी, आयकर विवरणपत्र दरवर्षी भरावे आणि प्रदर्शनांची पत्रे तारखेसह जपावीत. इंग्रजीचा सरावही सुरू ठेवावा, कारण भाषेला 24 गुण होते.