एमव्हीपीवरून बापलेकांत अबोला

ताई, नमस्कार. आम्ही सिॲटलजवळ बेलव्ह्यूला राहतो. मुलगा सातवीत आहे. एप्रिलपासून आमच्या घरात एकच देव, सिॲटलच्या मरिनर्स ह्या बेसबॉल संघाचा कॅचर कॅल रॉली. ह्यांचं बालपण डोंबिवलीचं, सगळं क्रिकेटवर गेलेलं. बेसबॉल यथातथाच कळतं, पण मत ठाम! सप्टेंबरभर रोज जेवताना तोच वाद: एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू कोण, रॉली की न्यूयॉर्क यांकीजचा ॲरन जज? ‘दोनशे सत्तेचाळीसची सरासरी आणि म्हणे एमव्हीपी!’ हे ह्यांचं पालुपद. सासरे जुलैपासून इथे आहेत, ते नातवाला चिडवायला म्हणून जजच्या बाजूने. ऐन दिवाळीत मरिनर्स हरले तेव्हा मुलगा फराळाला हात न लावता झोपला. नोव्हेंबरात एमव्हीपी जजला मिळाला, तर ह्यांनी मुद्दाम आइस्क्रीम आणलं. तेव्हापासून मुलगा बाबांशी बोलत नाही. मला वाटतं हा नादच बंद करावा. अभ्यासही आहेच. काय करू?
— एक आई

नाद मुळीच बंद करू नका. भांडण बेसबॉलमुळे झालेलं नाही, आइस्क्रीममुळे झालंय. सप्टेंबरभर तुमचा मुलगा रोज जेवणाच्या टेबलावर बसून बापाशी मुद्देसूद वाद घालत होता. सातवीतली किती मुलं एवढं बोलतात? बहुतेक घरांत ‘शाळा कशी होती?’ला ‘फाइन’ एवढंच उत्तर मिळतं.

आपल्याकडे खेचण्याची सवय असते. जावयाला खेचायचं, मेहुण्याला खेचायचं, भारत हरला की शेजाऱ्याला फोन करून त्याच्या आवडत्या फलंदाजाबद्दल विचारायचं. त्यात प्रेमच असतं, पण ते बरोबरीच्यांत शोभतं. तेरा वर्षांच्या पोराने एप्रिलपासून ज्याच्यावर जीव टाकला, तो हरल्याच्या रात्री बापाने गोड आणलं, तर त्याला त्यात प्रेम दिसणार नाही. बाबांनी माफी मागावी. आइस्क्रीमची मागावी, मताची नको. मत बदलल्याचं नाटक मुलं लगेच ओळखतात.

मग बाबांनी जरा अभ्यास करावा, कारण त्यांचं पालुपद कच्चं आहे. २४७ची, म्हणजे ०.२४७ची सरासरी म्हणजे शंभर वेळा बॅट चालवून पंचवीसएक हिट. चार वाइड चेंडू सोडून फुकट पहिला बेस (धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा) मिळवला, तर तो ह्या सरासरीत धरतच नाहीत. रॉली कितीदा बेसवर पोचला ते पाहिलं तर आकडा ०.३५९ आहे, आणि तो कोणाही कॅचरसाठी उत्तम आहे. त्यात ६० होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे थेट मैदानाबाहेर मारलेले फटके. कॅचर म्हणून खेळणाऱ्या खेळाडूचा आधीचा विक्रम साल्व्हादोर पेरेझचा, २०२१मधला, ४८चा. अमेरिकन लीगमध्ये (बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगांपैकी एक, मरिनर्स आणि यांकीज हिच्यातच) रॉलीआधी ६०चा आकडा तिघांनीच गाठला होता: बेब रूथ, रॉजर मॅरिस आणि खुद्द जज. साठावा होमरन आला २४ सप्टेंबर २०२५ला, सिॲटलच्याच मैदानात, आणि त्याच रात्री मरिनर्सनी २००१नंतर पहिल्यांदा लीगमधला आपला विभाग जिंकला. तुमचा मुलगा त्या रात्री काय करत होता, हे मला विचारायची गरज नाही.

डोंबिवलीकरांना समजेल असं सांगायचं तर कॅचर म्हणजे असा विकेटकीपर, ज्याने पूर्ण सामना उकिडवं बसून काढायचा आणि वर बोलरला प्रत्येक चेंडू कुठला टाकायचा तेही सुचवायचं. हे काम करणारा माणूस सहसा सप्टेंबरात मोडकळीला आलेला असतो. रॉली सप्टेंबरात होमरन मारत होता. उलट जजचं कोपर जुलैत दुखावलं आणि परतल्यावर काही आठवडे तो फक्त बॅटिंगच करत होता, फिल्डिंग नाही. मुलाच्या बाजूचे हे दोन मुद्दे दमदार आहेत.

आता दुसरी बाजू, आणि ती मुलाने ऐकायची आहे. जजची सरासरी ०.३३१, लीगमध्ये पहिली. ५३ होमरन. बेसवर पोचण्याचं प्रमाण ०.४५७, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा हा माणूस बाद होतच नाही. हंगामात खेळाडूने संघाला एकूण किती विजयांचा फायदा करून दिला, हे मोजणारा वॉर नावाचा हिशोब आहे. तो वेगवेगळ्या पद्धतींनी मांडतात, पण दोन्ही प्रमुख पद्धतींत जज वर होता. माझ्या हातात मत असतं तर मी जजला दिलं असतं. चिरंजीवांनी माझ्याशीही अबोला धरला तरी चालेल.

गंमत म्हणजे तुमच्या घरात म्हातारे मुद्दे मुलाचे आहेत. साठ होमरन मारले, लीगमध्ये सर्वांत जास्त १२५ धावा आणून दिल्या, संघाने विभाग जिंकला: हे सगळं जुन्या बेसबॉलवाल्यांचं तर्कशास्त्र. २०१२मध्ये हाच वाद पेटला होता. डेट्रॉइट टायगर्सच्या मिगेल कॅब्रेराने सरासरी, होमरन आणि आणून दिलेल्या धावा, तिन्हींत पहिलं येऊन ट्रिपल क्राउन मिळवला, १९६७नंतर पहिल्यांदाच. नव्या आकडेवाल्यांचं म्हणणं होतं की एंजल्सचा नवखा माइक ट्राउट त्याच्यापेक्षा सरस आहे. तो अप्रतिम फिल्डिंग करत होता, ४९ बेस चोरले होते, म्हणजे फटका नसताना धावून पुढचा बेस गाठला होता. कॅब्रेरा आरामात जिंकला. ‘त्याचा संघ प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) गेला, ट्राउटचा नाही’ हे एक मोठं कारण सांगितलं गेलं. प्रत्यक्षात एंजल्सनी ८९ सामने जिंकले होते, टायगर्सनी ८८. टायगर्सचा विभाग सोपा होता, एवढंच. हा किस्सा बाबांनी मुलाला सांगावा, आणि मुलाने ठरवावं की २०१२मध्ये तो कोणाच्या बाजूने असता. त्याची पंचाईत होईल. बाबांचीही.

मतमोजणीही तिघांनी कागद-पेन्सिल घेऊन मांडा. लीगमध्ये १५ संघ, प्रत्येक शहरातले दोन बेसबॉल पत्रकार, म्हणजे ३० मतदार. प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची. पहिल्या नावाला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, असं उतरत. जजला १७ जणांनी पहिलं ठेवलं, रॉलीला १३ जणांनी. निकाल ३५५ विरुद्ध ३३५. मुलाला गुणाकार करायला सांगा: १७ गुणिले १४, अधिक १३ गुणिले ९. बरोबर ३५५ येतात. याचा अर्थ तीसही मतदारांनी पहिल्या दोन जागांवर ह्याच दोघांना ठेवलं, तिसरा कोणी मध्ये आलाच नाही. आणि फक्त दोघा मतदारांनी क्रम उलटा लावला असता, तर ३४५-३४५ अशी बरोबरी झाली असती. ज्या निकालावर तुमच्या घरी आइस्क्रीम आलं, तो दोन माणसांच्या मतावर अडकलेला होता. हे बाबांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं, तर माफीचं अर्धं काम होईल.

आणखी एक. ही मतं प्लेऑफ सुरू व्हायच्या आधीच द्यावी लागतात. त्यामुळे ‘शेवटी हरलेच ना तुझे मरिनर्स’ हा टोमणा एमव्हीपीच्या वादात बादच. २० ऑक्टोबरची ती रात्र, टोरांटोतला लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना, मरिनर्स ३-१ने पुढे, त्यातला एक होमरन रॉलीचाच, आणि नऊपैकी सातव्या डावात टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारून सगळं उलटवलं. ४-३. दोन्ही लीगांच्या विजेत्यांत होणाऱ्या वर्ल्ड सिरीजमध्ये आजवर एकदाही न गेलेला मरिनर्स हा एकमेव संघ आहे, आणि त्या रात्री आठ बॅटर बाद करायचे राहिले होते. त्यावर मुलगा चकली न खाता झोपला, तर मला तो समजूतदार वाटतो. जजच्या यांकीजनाही त्याआधी टोरांटोनेच घरी पाठवलं होतं, हे सांगून फारसा दिलासा मिळणार नाही, पण सांगून बघा.

अभ्यासाचं तुमचं म्हणणं रास्त आहे, पण त्याला वेळेची शिस्त पुरे. तुम्ही पश्चिम किनाऱ्यावर आहात, घरचे सामने सातच्या सुमाराला सुरू होतात. शाळेच्या दिवशी सातव्या डावाला टीव्ही बंद, उरलेलं सकाळी बघायचं. प्लेऑफमध्ये सूट. डेट्रॉइटविरुद्धचा तो पंधरा डाव चाललेला सामना शुक्रवारी होता, तसली रात्र अडवू नये. (न्यू जर्सीच्या आया मला लिहितात की पश्चिमेकडचे सामने त्यांच्याकडे दहाला सुरू होतात. त्यांची पत्रं वेगळी.)

आजोबांकडे एक काम सोपवा. त्यांना जजची बाजू घ्यायला हरकत नाही, पण प्रत्येक मुद्द्यावर नातवाने त्यांना मराठीत समजवायचं. इन्फिल्ड फ्लाय हा बेसबॉलमधला किचकट नियम मराठीत सांगणं सोपं नाही, पोराला शब्द शोधावे लागतील आणि तो शोधेल, कारण जिंकायचंय. उन्हाळ्यात एखाद्या रविवारी दुपारच्या सामन्याला तिघांना एकत्र पाठवा. सिॲटलच्या मैदानात घरचं खाणं नेऊ देतात, पिशवीचे नियम तेवढे आधी बघा. दशम्या बांधून द्या. तिथे भाजलेले नाकतोडेही विकतात, ते आजोबांना आधीच सांगून ठेवा.

आणि बाबांना एक व्हिडिओ दाखवा, जुलै २०२५ची अटलांटातली होमरन डर्बी, म्हणजे नुसते होमरन मारण्याची स्पर्धा. रॉली ती जिंकला. त्याला चेंडू टाकत होते त्याचे वडील आणि मागे कॅचर होता त्याचा पंधरा वर्षांचा भाऊ. ह्या व्हिडिओवर काही बोलू नका, नुसता लावा.

पुढच्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने, तुम्हीसुद्धा, दहा नावांची मतपत्रिका भरायची, पाकिटात घालून चिकटवायची आणि नोव्हेंबरात उघडायची. प्रत्येकाने पहिल्या नावाखाली तीन ओळी कारण लिहायचं, मराठीत. ज्याचा उमेदवार हरेल त्याच्या आवडीचं आइस्क्रीम आणायचं. सासऱ्यांचा सहा महिन्यांचा मुक्काम ह्या वेळी जुलै ते डिसेंबर पडला असेल. पुढच्या वर्षी तिकीट एप्रिलच्या सुरुवातीचं काढा, म्हणजे एप्रिलपासूनचे सामने बघून आणि मतपत्रिका भरूनच ते विमानात बसतील.