‘छोटी सी बात’ आज घरच्यांना दाखवावा का? दाखवा, पण कडाक्याच्या वादाची तयारी ठेवा

तुमचा प्रश्न असा: ‘छोटी सी बात’ हा एक मुलगी आणि दोन पुरुषांचा हलकाफुलका सिनेमा आजच्या प्रेक्षकांना आवडतो का, की मुलीच्या मागे मागे फिरण्याचं कौतुक केलंय असं वाटून तरुण मंडळी वैतागतात? घरी सगळ्यांना एकत्र बसवून दाखवायचा विचार आहे, असंही तुम्ही लिहिलंय.

नुकताच हा प्रयोग करून बसलेय, म्हणून लिहिते.

आम्ही ठाण्याला पाचपाखाडीत राहतो. जुनी चार मजली सोसायटी, लिफ्ट नाही, गच्ची मात्र मोठी. 2025 च्या कोजागरीला गाण्याच्या भेंड्यांऐवजी सिनेमा लावायचं ठरलं. कोणीतरी ऑफिसमधून प्रोजेक्टर आणला, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली. सोमवार होता, त्यामुळे नोकरीवाले नऊनंतर एकेक करून उगवले. सिनेमा मी सुचवला होता. कारण अगदी साधं, दोन तासांत संपतो आणि आजीपासून नातवापर्यंत कोणासमोर मान खाली घालायची वेळ येत नाही. निदान माझा तसा समज होता.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1976 सालचा, बासू चटर्जींचा सिनेमा. अरुण (अमोल पालेकर) हा बुजरा कारकुनी माणूस. बस स्टॉपवर रोज दिसणारी प्रभा (विद्या सिन्हा) त्याला आवडते. बोलायची हिंमत नाही, म्हणून तो नुसता तिच्या मागून चालत राहतो. प्रभाच्या ऑफिसातला नागेश (असरानी) स्कूटरवाला, बोलघेवडा, हॉटेलात वेटरला नावाने हाक मारणारा. हरलेला अरुण खंडाळ्याच्या एका कर्नलकडे (अशोक कुमार) ‘शिकवणी’ला जातो आणि पार बदलून परत येतो.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. माझी मुलगी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती मोठ्याने म्हणाली, “आई, हा रोज तिच्या ऑफिसपर्यंत मागे जातोय. कलम 78.” कोणाला कळेना. मग तिने समजावलं: भारतीय न्याय संहिता, पाठलाग. आधी ते भारतीय दंड संहितेत 354 ड होतं, 2013 साली आलं. खालच्या बाकावरून “अगं, सिनेमा आहे तो!” असा सूर निघाला. कॉलेजची तीन-चार पोरं लगेच तिच्या बाजूने झाली. मसाला दुधाचे पेले हातात तसेच राहिले.

तिसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेत. पालेकरही आधी बँकेतच नोकरीला होते, त्यामुळे काकांना अरुण म्हणजे सख्खा चुलतभाऊ वाटतो. त्यांनी मुलीची उलटतपासणीच घेतली. “कलम नीट वाच. नुसतं मागे चालणं पुरतं का?” तिने फोनवर काढून वाचलं. तिची गंमत मला तिथेच आवडली, कारण तिने प्रामाणिकपणे कबूल केलं की स्त्रीने नको आहे असं स्पष्ट दाखवूनही मागे जाणं आणि पुन्हा पुन्हा संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं, असं त्यात म्हटलंय. “आणि हा तर संपर्क साधतच नाही!” काका म्हणाले. “तीच तर त्याची अडचण आहे!” गच्ची हसली. पण मुलगी हटली नाही. “कायद्यात बसत नसेल, पण स्टॉपवर उभ्या असलेल्या बाईला कसं कळणार हा बुजरा आहे की भयंकर आहे?”

प्रश्न बरोबर आहे. मी स्वतः पंचवीस वर्षं ठाणे ते सीएसएमटी लोकलने जातेय. मागून चालणारी पावलं ओळखायला आपण सगळ्याच शिकलेल्या असतो. त्यामुळे तुमच्या घरातल्या तरुण मुली वैतागल्या तर त्यांना ‘तेव्हाचा काळ वेगळा होता’ म्हणून गप्प करू नका. काळ वेगळा होता, पण पावलं तीच होती.

तरीही सिनेमा मला वाईट वाटत नाही. का, ते माझ्या सासूबाईंनी सांगितलं. सत्तरच्या दशकात त्या फोर्टात टायपिस्ट होत्या. ठाण्याहून व्हीटी, तिथून पुढे बेस्टची बस. त्या एवढंच म्हणाल्या, “तिला माहितीये गं. तिचं तोंड बघ ना. भ्यायलेली बाई अशी चालत नाही.”

मग आम्ही सगळे अरुणला सोडून प्रभाकडे बघायला लागलो आणि सिनेमाच बदलला. हसू दाबण्यात विद्या सिन्हांचा हात धरणारं कोणी नाही. अरुणला वाटतं आपण लपून मागे चाललोय, प्रभाला पहिल्यापासून सगळं ठाऊक आहे, आणि हा कधी तोंड उघडतो याची ती वाट बघतेय. अरुण खंडाळ्याला गेल्यावर ‘ना जाने क्यों’ वाजतं, तिला रिकामा रस्ता खुपतो. म्हणजे त्रिकोण असा नाहीच. तो या दोन पुरुषांच्या डोक्यात आहे. विनोद आहे तो त्यांच्या या गैरसमजावर.

नागेशबद्दल मात्र आमच्यात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. बायकांचं मत, शेखी मिरवतो, पण वाईट नाही. पुरुषांचं मत, बिचारा लिफ्ट देतो, जेवायला नेतो, एवढं करून खलनायक हाच? मलाही उत्तरार्धात त्याची कीव येते. टेबल टेनिसमध्ये त्याला हरवणं, हॉटेलात त्याचा पोपट करणं, हे बघताना हसू येतं पण जरा कोतेपणाही वाटतो. खंडाळ्याचा भाग तर लांबलाच आहे. तिथे आमच्या गच्चीवरची लहान मुलं उठून पकडापकडी खेळायला गेली. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक वहिनी पाहुण्या म्हणून आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “मला आधीचा बुजरा अरुणच बरा वाटत होता हो.” अर्ध्या बायकांनी माना डोलावल्या.

एक गोष्ट मुलीनेही मान्य केली. कर्नलचा शेवटचा धडा प्रभाशी जबरदस्तीने लगट करण्याचा आहे आणि अरुण तो गिरवायला नकार देतो. प्रभाचा मान राखायचा म्हणून. 1976 च्या हिंदी सिनेमात नायकाने हे करावं, याला तिने दहापैकी सात गुण दिले. उरलेले तीन पहिल्या वीस मिनिटांत गेले म्हणे.

तुमच्या घरी अशी वकील असेल तर एक करा, आधी ‘रजनीगंधा’ दाखवा. बासू चटर्जींचाच, 1974 सालचा, मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ या कथेवरचा. पालेकर आणि विद्या सिन्हा हीच जोडी. पण तिथे दोघांमध्ये अडकलेली ती आहे, आणि सगळं तिच्या मनातून दिसतं. माझ्या मुलीला तो जास्त आवडला. मला नाही. मला थोडं हसायचं होतं.

त्या कोजागरीनंतर दोनच आठवड्यांनी, 20 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत असरानी गेल्याची बातमी आली. सोसायटीच्या ग्रुपवर फराळाच्या फोटोंमध्ये कोणीतरी स्कूटरवरच्या नागेशचा फोटो टाकला. गच्चीवर त्याला नावं ठेवणाऱ्या सगळ्यांनी खाली हात जोडले, माझ्या मुलीनेही.

जाता जाता, ‘चिकन आला पूस’ म्हणजे नक्की काय, हे घरातलं लहान मूल विचारणारच. नागेश ते अशा थाटात मागवतो की खरंच काहीतरी भारी असावं. उत्तर आधीच शोधून ठेवा. आमच्याकडे त्यावर रात्री साडेअकरापर्यंत चर्चा चालली आणि शेवटी सगळ्यांनी भेळ खाल्ली.