धूर आला म्हणजे कॉम्प्युटर गेला का?

प्रश्न : सर नमस्कार, सातपूरच्या एका शाळेने जुनं सामान भंगारात काढलं त्यात मला बीबीसी मायक्रो (1980च्या दशकातला ब्रिटिश कॉम्प्युटर) मिळाला. घरी आणून लावला तर बीप पण आला आणि स्क्रीनवर अक्षरं पण आली, मी खुश, आणि थोड्या वेळाने डाव्या बाजूने फट्ट आवाज आणि पांढरा धूर, असला वास की आईने सगळ्या खिडक्या उघडल्या. पण कॉम्प्युटर चालूच होता! मित्र म्हणतो पॉवर सप्लाय फेक, नवीन टाक. काय करू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : फेकू नका हो. 1984 पासून केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या कॉम्प्युटर शिक्षणाच्या योजनेत शाळांना हेच बीबीसी मायक्रो दिले होते, तुमचा त्यातलाच असेल बहुतेक. आणि धूर बोर्डाचा नाही, जवळपास नक्की सप्लायमधल्या रिफा कंपनीच्या कपॅसिटरचा. सप्लाय उघडलात की पिवळसर, आरपार दिसणारा चौकोनी तुकडा दिसेल, अंगावर बारीक तडे गेलेले. आत कागद असतो, तड्यांतून दमट हवा शिरते आणि आपले इतके पावसाळे त्याने खाल्लेत, मग एक दिवस 230 व्होल्ट लागले की फुटतो. तो फेज आणि न्यूट्रलमध्ये नुसता नॉइज अडवायला बसवलेला असतो, म्हणून तो गेला तरी मशीन चालत राहिलं.

असे दोन असतात, 0.1 आणि 0.01 मायक्रोफॅरडचे, एक फुटला तरी दोन्ही बदला. नवीन घेताना त्यावर एक्स2 (म्हणजे थेट मेन्सवर लावायचा प्रकार) आणि 275 व्होल्ट एसी छापलेलं बघूनच घ्या. दुकानदार ‘हा घ्या, 400 व्होल्टचा आहे’ म्हणून साधा डीसीवाला देतो, तो मेन्सवर अजिबात नको. एम. जी. रोडला मिळाला तर ठीक, नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडचं इलेक्ट्रॉनिक्स मार्केट आहेच.

आता महत्त्वाचं. प्लग काढला तरी आतल्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये 325 व्होल्टच्या आसपास डीसी राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची आपल्याकडे जी हौस आहे ना ती इथे नको, काही किलोओहमचा 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावून डिस्चार्ज करा आणि मीटरने शून्य दिसल्याशिवाय हात घालू नका. मेन्सचं काम कधी केलं नसेल तर सरळ टीव्ही रिपेअरवाल्याकडे न्या, त्यात कमीपणा काही नाही.

उघडलंच आहे तर आउटपुटचे इलेक्ट्रोलिटिक पण बदलून टाका, 105 डिग्रीचे लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले). वरून फुगलेला नाही म्हणजे चांगला असं नसतं, आतून सुकलेला असतो आणि 5 व्होल्टवर रिपल (व्होल्टेजचा चढउतार) वाढतो मग मशीन मधूनच हँग. पोलॅरिटी उलटी झाली तर परत धूर, फोटो काढून मगच डिसोल्डर करा.

नंतर बोर्ड न जोडता सिरीज बल्बवर, म्हणजे सप्लायकडे जाणाऱ्या मेन्सच्या वायरीत मध्ये बल्ब जोडून, चालू करा, 60 वॅटचा जुना फिलामेंटवाला, एलईडी चालत नाही. 5 व्होल्टच्या लाइनला गाडीचा इंडिकेटर बल्ब लोड म्हणून लावा, लोड नसेल तर असे सप्लाय काहीबाही दाखवतात. सिरीज बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, तसाच भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मीटरवर 5 व्होल्टची लाइन 4.75 ते 5.25 व्होल्टमध्ये आली की बोर्ड जोडा.

मित्राला सांगा, याला उणे 5 व्होल्ट पण लागतात सिरीयल पोर्टसाठी, आणि हल्लीच्या पीसीच्या एटीएक्स सप्लायमध्ये ते मिळतच नाहीत.

प्रश्न : माझा 486 प्रोसेसरचा जुना पीसी बरीच वर्षं कपाटात आहे. सुरू करायच्या आधी सगळे कपॅसिटर बदलू का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : सगळे कशाला, आधी वरच्यासारखं सिरीज बल्बवर टेस्ट करा. सप्लायमधून मदरबोर्डला जाणारे पी8 आणि पी9 कनेक्टर लावताना काळ्या वायरी मधोमध शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत, उलटे लावले तर बोर्ड गेलाच म्हणून समजा. आणि अशा जुन्या पीसीच्या एटी कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत थेट 230 व्होल्ट आलेले असतात, त्याच्या मागचं इन्सुलेशन सुटलंय का ते प्लग लावायच्या आधी बघा.