जुन्या ऑक्टाव्हिया आरएसला प्लग कोणते? उन्हाचा हिशोब आधी बाजूला ठेव भो

भाऊ, तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, आधीच्या मालकाने रिमॅप मारलेला (म्हणजे पॉवर वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेलं), तिसऱ्या गिअरला फुल दाबली की साडेतीन हजार आरपीएमला झटके देते, आणि गॅरेजवाला म्हणतो भुसावळला ऊन कितलं शे, दोन पायऱ्या थंडा इरिडियम (महागड्या धातूच्या टोकाचा) स्पार्क प्लग टाक. तर नको टाकू. निदान उन्हासाठी तर नकोच.

हा गैरसमज आपल्याकडे फार आहे, आणि असणारच, मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, बोनेटला हात लावला की चटका बसतो, मग वाटतं इंजिनलाही काहीतरी थंड द्यावं. पण प्लगचा थंडा-गरमपणा हा हवामानाचा विषयच नाही. आत पेट्रोल जळतं तेव्हा दोन हजार डिग्रीच्या वर जातं, तिथे बाहेरच्या वीस डिग्रीचं काय घेऊन बसायचं. थंडा प्लग म्हणजे आतलं सिरॅमिकचं नाक आखूड, उष्णता लवकर आट्यांतून (प्लगच्या चुड्यांतून) हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, निघून जाते. गरम प्लगचं नाक लांब, तो उष्णता धरून ठेवतो. टोक साधारण ४५०-५०० डिग्रीच्या वर राहिलं की काजळी आपोआप जळते, आणि ८५०-९०० च्या पुढे गेलं की स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं, मग पिस्टनची वाट लागते. टोक या दोघांच्या मधे राहिलं पाहिजे, बस. आणि ते ठरतं तुझ्या इंजिनवर किती लोड आहे, बूस्ट (टर्बो हवा किती दाबाने आत ढकलतो ते) किती आहे त्यावर.

उन्हात नॉकिंग, म्हणजे मिश्रण भलत्या वेळी पेटून इंजिन ठकठकणं, वाढतं हे खरंय, पण ते आत जाणारी हवा गरम होते म्हणून. या गाडीचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी, छोटासा, एका कोपऱ्यात बसवलेला, त्याच्या जाळीत आपल्याकडची धूळ आणि किडे गच्च बसतात. तो काढून धू, पेट्रोल जास्त ऑक्टेनचं भर. नाहीतर नॉक सेन्सरमुळे इंजिन स्पार्कचं टायमिंग मागे घेत राहतं आणि गाडी मेल्यासारखी चालते, तिथे प्लग काहीच करू शकत नाही.

मी स्वतः हे भोगलंय. माझ्याकडे हेच इंजिन होतं, एकाने छातीठोक सांगितलं म्हणून एनजीके कंपनीचे ८ नंबर, म्हणजे दोन पायऱ्या थंडे, टाकले. गाडी रोज घर ते एमआयडीसी, सहा-सात किलोमीटर, इंजिन धड गरमही व्हायचं नाही. तीन आठवड्यात सकाळी स्टार्ट केली की थरथरायला लागली. प्लग काढले तर चारही काळे, मखमलीसारखी कोरडी काजळी, बोट फिरवलं की बोट काळं. काहीच बिघडलेलं नव्हतं, प्लग त्या वापराला जास्त थंडे होते, एवढंच. एक पायरी कमी थंडे, ७ नंबर टाकले आणि त्रास संपला.

आता नंबर. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंडा, बॉशमध्ये बरोब्बर उलटं, आकडा वाढला की गरम. काउंटरवर इथेच घोळ होतो, 'त्याच नंबरचा दुसऱ्या कंपनीचा द्या' असं कधीच म्हणू नको. १.८ टर्बोला रिमॅप नसेल तर एनजीकेचा पीएफआर६क्यू चालतो, तो प्लॅटिनम. रिमॅप असेल तर एकच पायरी थंडा, बीकेआर७ई, साधा निकेलचा, ज्याला आपण कॉपर म्हणतो. १५-२० हजार किलोमीटरला बदलावा लागतो, पण रिमॅपवाल्या गाडीत मला तोच आवडतो, स्वस्त आहे, गॅप (ठिणगी पडते ती टोकाची फट) न घाबरता सेट करता येतो, आणि दरवेळी प्लग वाचून इंजिनची तब्येत कळते. इरिडियम वाईट नाही, टिकतो जास्त, पण त्याने पॉवर वाढते हे डोक्यातून काढ. मधलं अक्षर आर असलाच पाहिजे, तो रेझिस्टर, ठिणगीचा विद्युत गोंगाट दाबणारा, त्याच्याशिवाय इलेक्ट्रॉनिक्सला त्रास होतो. आणि आट्यांची लांबी १९ मिमीच हवी, लांब बसला तर पिस्टनला लागेल.

तुझे झटके मला गॅपचे वाटतात. बूस्ट वाढला की सिलेंडरमधला दाब वाढतो, त्या दाबात ठिणगीला फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, ते व्होल्टेज देणारी कॉइल जुनी असेल तर तिला ते जमत नाही आणि नेमकं फुल दाबल्यावरच मिसिंग होतं, हळू चालवताना काहीच नाही. गॅप ०.७ मिमी ठेव, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून, डब्यातून काढला तसा लावू नको.

पण काही विकत घेण्याआधी आत्ताचे प्लग काढ. इंजिन पूर्ण गार असताना, रात्रभर उभी राहिल्यावर, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना काढलेस तर आटे जातात. चारही एक-दोन-तीन-चार असे क्रमाने कागदावर ठेव. बिस्किटाच्या रंगाचं सिरॅमिक असेल तर उत्तम. पांढरं पडलेलं, त्यावर बारीक फोड किंवा चकाकणारे ठिपके, तर इंजिन तापतंय, रिमॅप आधी तपासून घे. आणि प्लगच्या वरच्या भागाला, विहिरीत, ऑइल साचलेलं असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलंय, ते ऑइल कॉइलचं रबर खातं आणि तिथून स्पार्क बाहेर पळतो. असं असेल तर आधी पॅकिंग बदल, मग प्लग.

बसवताना हाताने फिरवत टेकेपर्यंत ने, मग टॉर्क पान्याने ३० एनएम. पाना नसेल तर नवा प्लग टेकल्यावर अर्धा फेरा, बास. सैल राहिला तर उष्णता हेडमध्ये जातच नाही, योग्य नंबरचा प्लगही तापतो, आमच्या ओळखीतल्या एका गाडीत हेच झालं होतं आणि सगळे तीन महिने पेट्रोलला दोष देत होते. आट्यांना ग्रीस-बिस लावू नको.

हजार किलोमीटर झाले की तिसऱ्या सिलेंडरचा प्लग काढून बघ, आणि गॅप पुन्हा मोज.