डिस्क एन्क्रिप्ट केलेली असताना डेटा मास्किंग वेगळं करायची गरज आहे का?

तुम्ही लिहिलंय की डेटाबेसमध्ये ग्राहकांचे मोबाइल नंबर, जन्मतारखा आणि उत्पन्नाचे आकडे आहेत, टेस्टिंगला त्याचीच कॉपी वापरता, आणि वरिष्ठांचं म्हणणं आहे, "डिस्क एन्क्रिप्टेड आहे, मग मास्किंग कशाला?" बरीच वर्षं डेटाबेस सांभाळतेय, म्हणून ठामपणे सांगते: मास्किंग (खरी माहिती झाकणं किंवा तिच्या जागी खोटी ठेवणं) लागतंच, आणि सुरुवात टेस्टच्या कॉपीपासून करा.

डिस्कवरचं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा डेटा ठेवणं, उपयोगी पडतं ते डिस्क किंवा फाइल चोरीला गेली तर. डेटाबेस चालू असताना ज्याच्याकडे लॉगिन आहे त्याने सिलेक्ट (डेटा वाचायची आज्ञा) मारला, की डेटाबेस स्वतःच सगळं उलगडून समोर ठेवतो. तो माणूस तुमचा कर्मचारी आहे की त्याचा पासवर्ड पळवलेला कुणी, हे डिस्कला कळत नाही.

पूर्वी एका ठिकाणी टेस्ट सर्व्हरवर प्रॉडक्शनचा (खऱ्या, चालू डेटाबेसचा) बॅकअप जसाच्या तसा रिस्टोअर केला होता. एका टेस्टरने थकबाकीच्या एसएमएसचा जॉब चालवून पाहिला आणि मेसेज खऱ्या माणसांना गेले. एका बाईंचा फोन मी घेतला. त्यांनी सगळी रक्कम कधीच फेडली होती, आणि त्या पुन्हापुन्हा विचारत होत्या, "आता परत भरायचे का?" त्यांचा आवाज मी विसरलेले नाही. डिस्क तेव्हाही एन्क्रिप्टेडच होती.

म्हणून मास्किंगची स्क्रिप्ट रिस्टोअरच्या कामातच बसवा. ती पूर्ण झाल्याशिवाय टेस्टचं लॉगिन कुणालाही मिळता कामा नये. एका ग्राहकाला सगळ्या टेबलांत एकच खोटा नंबर मिळाला पाहिजे, नाहीतर जॉइन (टेबलांची आपसातली जोडणी) तुटतात आणि लोक वैतागून पुन्हा खरा डेटा मागतात. शिवाय 'शेरा'सारखे मोकळ्या मजकुराचे कॉलम उघडून स्वतः वाचा. मोबाइलचा कॉलम झाकलेला असतो आणि शेऱ्यात कुणीतरी लिहिलेलं असतं, "नंबर बदलला, मुलाच्या नंबरवर फोन करा", पुढे तो नंबर. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आधी तिथेच बघते.

नंबरचा नुसता हॅश (गणिताने काढलेला ठसा, जो थेट उलटा फिरवता येत नाही) करून ठेवणं म्हणजे मास्किंग नव्हे. दहा अंकी नंबर जास्तीत जास्त 1000 कोटी. एवढ्यांचे एमडी5 या जुन्या पद्धतीचे हॅश साधं ग्राफिक्स कार्डसुद्धा बघता बघता काढतं, मग जुळवून बघायचं तेवढं उरतं. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांचा डेटा खुला झाला तेव्हा परवाना क्रमांक असेच एमडी5 करून दिले होते आणि ते लगेच उलगडले गेले.

प्रॉडक्शनमध्ये डायनॅमिक मास्किंग (साठवलेला डेटा तसाच, फक्त दाखवताना झाकलेला) ठेवा, पण त्यावर विसंबू नका. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसमध्ये ते 2016 च्या आवृत्तीपासून आहे. उत्पन्नाचा आकडा पडद्यावर झाकलेला दिसतो, पण स्वतः क्वेरी लिहू शकणारा 'व्हेअर'च्या अटीमध्ये "50000 पेक्षा जास्त", "60000 पेक्षा जास्त" असं विचारत खऱ्या आकड्यापर्यंत पोहोचतो. कस्टमर केअरच्या स्क्रीनसाठी ते ठीक आहे, थेट क्वेरी मारणाऱ्यांसाठी नाही.

जे कॉलम खरोखर नाजूक आहेत ते ॲप्लिकेशनमध्येच एन्क्रिप्ट करून मग डेटाबेसला द्या. एन्क्रिप्शनची पद्धत एईएस-256, जीसीएम मोड, दर वेळी नवा नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा). एकाच मजकुराचा सायफर (एन्क्रिप्ट केलेलं रूप) दर वेळी सारखाच निघाला तर काय होतं ते ॲडोबी कंपनीच्या 2013 च्या डेटा चोरीत दिसलं: पासवर्ड ट्रिपल डीईएस या जुन्या पद्धतीने, ईसीबी मोडमध्ये ठेवले होते. सारख्या पासवर्डांचे सायफर सारखे, आणि शेजारी प्रत्येकाने पासवर्ड आठवावा म्हणून लिहिलेली सूचना उघडी. दहा जणांच्या सूचना एकत्र वाचल्या की किल्लीशिवायच पासवर्ड ओळखू यायचा. तुम्हाला नंबरवरून ग्राहक शोधायचा असेल, तर वेगळी गुप्त किल्ली घालून काढलेला हॅश, म्हणजे एचमॅक, दुसऱ्या कॉलममध्ये ठेवा आणि त्यावर शोधा. पासवर्ड मात्र एन्क्रिप्ट करूच नका, त्यांना आरगॉन2 किंवा बीक्रिप्ट हे मुद्दाम संथ केलेले हॅश.

आणि किल्ली कुठे आहे ते आजच बघा. सेटिंगच्या फाइलमध्ये असेल आणि ती फाइल डेटाबेसच्याच बॅकअपमध्ये जात असेल, तर बॅकअप नेणाऱ्याला कुलूप आणि किल्ली एकत्रच मिळतात. किल्ली केएमएसमध्ये (किल्ल्या सांभाळणाऱ्या वेगळ्या सेवेत) हलवा, जुनी बदला, आणि जुने बॅकअप त्या जुन्या किल्लीने उघडतात हे लक्षात ठेवून त्यांचाही हिशेब लावा.