डोंगरावरचं जुनं घर घेताय? आधी अर्थिंग तपासा

प्रश्न: आम्ही दोघं रिटायर झालोय. महाबळेश्वरला १९७० च्या आसपासचा एक बंगला बघून ठेवलाय, जांभ्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, आत लाकडी तक्तपोशी, मनात भरलाय अगदी. मालक म्हणतात लाइट-पंखे सगळे चालू आहेत, वायरिंगला हात लावायची गरज नाही. टोकन देण्याआधी काय काय बघावं?
एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, लाइट लागतात म्हणजे वायरिंग चांगलं, असं बिलकुल धरू नका. अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत सोडणारी जोडणी, मेलेलं असलं तरी पंखे, फ्रिज, गिझर सगळं व्यवस्थित चालतं, कळतं ते कुणाला तरी शॉक बसल्यावरच. त्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, भिंती महिनोन्‌महिने ओल्या, त्यामुळे पुण्यात जे खपून जातं ते तिथे खपत नाही.

तिथे वर माती थोडी आणि खाली लगेच जांभा, त्यामुळे अर्थिंगचा खड्डा बऱ्याचदा उथळच असतो आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की त्याचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) चढतो. म्हणून अर्थ टेस्टरचं रीडिंग एप्रिल-मेमध्ये घ्या, ५ ओहमच्या आत आलं तर छान, फारच जास्त आलं तर खोल बोअर मारून बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरून नवीन अर्थिंग करावं लागेल, तो खर्च आत्ताच भावात धरा.

आता एक गोष्ट मी हात जोडून सांगते, गिझरचा आणि किचनचा सॉकेट उघडून बघायला लावा. जुन्या घरात अर्थची वायर आलेलीच नसते, मग कुणीतरी अर्थच्या पिनला न्यूट्रलमधूनच (करंट परत जाण्याच्या वायरमधूनच) एक छोटा तुकडा जोडून देतं. टेस्ट लॅम्प लावला तर तो लागतो, सगळ्यांना वाटतं अर्थिंग आहे. पण वादळात फांदी पडून न्यूट्रल तुटला की त्याच तुकड्यातून गिझरच्या आणि फ्रिजच्या पत्र्यात २३० व्होल्ट येतात, आणि अशा वेळी घरातले लाइट गेलेले असतात म्हणून माणूस बेफिकीर हात लावतो. असा तुकडा एका जरी सॉकेटमध्ये सापडला तरी सगळं वायरिंग नवीन करायचं असंच समजा.

त्या काळातलं वायरिंग म्हणजे लाकडी पट्टीवर ठोकलेली, कापडी वेष्टणाची रबरी वायर. एका बोर्डातली वायर मेन बंद करून जरा वाकवायला सांगा, रबर बिस्किटासारखं चुरलं तर पुढे बघायची गरजच नाही. तक्तपोशीच्या वर माणूस चढवाच, तिथे उंदरांनी कुरतडलेलं असतं आणि वायर पत्र्याच्या कडेला घासत असेल तर अख्खं छप्पर करंट मारू शकतं, त्याच छपराच्या खांबाला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली असते! पावसाळ्यात ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरच्या वेष्टणाचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासून घ्या, १ मेगाओहमच्या खाली आलं तर गडबड आहे.

मेन बोर्डावर किटकॅट फ्यूजच (जुने, तार बदलायचे चिनी मातीचे फ्यूज) असतील तर एमसीबी (भार वाढला किंवा शॉर्ट सर्किट झालं की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. आरसीसीबी फेजमधून गेलेल्या आणि न्यूट्रलमधून परत आलेल्या करंटमधला फरक बघून सेकंदाच्या आत लाइन तोडते. पावसाळ्यात ती सारखी पडायला लागली तर लोक बायपास करून टाकतात, तसं करू देऊ नका, ती पडते म्हणजे कुठेतरी करंट गळतोय. वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर (अचानक चढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारं उपकरण) पण घ्या, अर्थिंग चांगलं असेल तरच तो काम करतो.

महावितरणचं बिल मागून थकबाकी आणि मंजूर भार (एका वेळी वापरायची परवानगी असलेली वीज) बघा, भार १ किलोवॅटच असेल तर एक गिझर लावला तरी तो ओलांडेल.

परवानाधारक इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर स्वतः निवडा, मालकाच्या ओळखीचा नको. त्याचा लेखी टेस्ट रिपोर्ट हातात आल्यावरच टोकन द्या, आणि रिवायरिंगचा खर्च किमतीतून वजा झाल्याचं साठेखतात लिहून घ्या.